फळीला काय लावायचं?

आमच्या देवगडच्या घराच्या माळ्याला फळ्यांची जमीन आहे आणि एक कोपरा सोडला तर त्या फळ्यांना आजवर काहीही लावलेलं नाही, ही गोष्ट पाहुण्यांना सांगायची नसते. हापूसच्या भावावर एखादा गप्प बसेल, पण उघड्या लाकडाला काय लावावं यावर आमच्याकडे कुणीच गप्प बसत नाही.

जळक्या तेलाचा पक्ष सर्वांत जुना. गॅरेजमधून गाडीचं काढलेलं काळं तेल आणा, चिंधीनं फासा, वाळवी फिरकणार नाही. नसेलही फिरकत. माणूसही फिरकणार नाही. शिवाय माळ्याच्या खाली माजघर, फळ्यांना फटी आणि फटींच्या बरोबर खाली आमची जेवणाची पंगत.

काकांचा पक्ष काजूच्या टरफलांच्या तेलाचा. त्याला कीड भिते हे खरं. पण काजू, बिबा आणि आंबा एकाच कुळातले, आणि चिकाच्या बाबतीत घराण्याचं वळण कुणी सोडलेलं नाही. काकांनी हौसेनं एक कोपरा रंगवला. मग दोन्ही हातांना कोपरापर्यंत खोबरेल चोपडून ओसरीवर बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "हात सोडा हो, फळी बघा!"

मुंबईहून आलेल्या भाच्यानं जवसाचं तेल आणलं. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि होताना तापतं, त्यामुळे तेलकट चिंध्यांचा बोळा तसाच टाकला तर आपोआप पेटू शकतो, हेही त्यानंच सांगितलं. काकू म्हणाल्या, "म्हणजे वाळवीनं खाऊ नये म्हणून आपणच जाळायचं?" चिंध्या सुट्या करून बाहेर वाळत घालायच्या, असा खुलासा आला. जुलै महिना होता. आमचे टॉवेल जूनपासून वाळत होते.

चपडीचं पॉलिशही सुचवून झालं. दिसायला देखणं, पण ओलं भांडं टेकलं की पांढरा डाग. आणि माळ्यावर देखणेपण बघणार कोण? उंदीर.

आईचा मात्र एकच उपाय : प्लास्टिकचा कागद. ती टीव्हीच्या रिमोटलाही पिशवी घालते. तिनं अर्धा माळा झाकून टाकला, आणि गणपतीचं मखर काढायला वर गेलो तेव्हा कागदाखाली पांढऱ्या बुरशीचं पीक आलं होतं. उघड्या फळ्या खडखडीत. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर ते कुजत नाही. कागदानं ती ओल कोंडून, जपून ठेवली होती.

शेवटी सुतारमामांना बोलावलं. ते वर आले आणि फळीकडे न बघता छपराकडे बघत राहिले. वानरांनी दोन कौलं सरकवली होती. मग भिंतीच्या कोपऱ्यात उकिडवे बसले. तिथे पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी जमिनीपासून वर चढत आली होती. नखानं टोकरली तर आत पांढऱ्या किड्यांची पळापळ. वाळवी अशी मातीतून, झाकल्या वाटेनं येते, आणि आम्ही सगळे पक्ष तिची वरून वाट बघत होतो.

"तेल मगे," मामा म्हणाले, "आधी ह्यां सामान खाली काढा."

सामान खळ्यात आलं. बिनकड्यांच्या ट्रंका, लग्नातले टोप, वाळलेले भोपळे, तीन पाय असलेला चौरंग, बोलणं सोडलेला रेडिओ, तांब्याचा बंब. मामांनी कौलं बसवली, नळ्या खरवडून कोपऱ्यात औषध घातलं आणि ट्रंकांखाली हवा खेळायला लाकडी पट्ट्या ठोकल्या. फळ्यांना काहीच लावलं नाही. काकांना हे अजून पटलेलं नाही.

संध्याकाळपर्यंत एकूण एक वस्तू परत वर चढली. सोबत जळक्या तेलाचा कॅन, काजूतेलाचा डबा, जवसाची बाटली आणि प्लास्टिकचं भेंडोळंही. टाकायचं कसं, पैसे पडलेत.

मजुरी विचारली तेव्हा मामा जरा घुटमळले. "पैशे ऱ्हवांदेत. तो बंब माका देशात?"

गीझर आल्यापासून त्या बंबाला कुणी हात लावला नव्हता. घरात शांतता पसरली. मग काकू ठामपणे म्हणाल्या, "तो लागतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना बंबाच्या पाण्यानं आंघोळ करावी लागली.