गटाराच्या झाकणावरचा नागरिक

इंग्लंडात 2023 च्या मार्चमध्ये पायी चालणाऱ्यांच्या आणि सायकलवाल्यांच्या निधीला सरकारने मोठी कात्री लावली, तेव्हा तिथली माणसं कोर्टात गेली. धाराशिवकराला या बातमीत हेवा वाटावा असं एकच आहे: कपात. कपातीसाठी आधी तरतूद लागते. आपल्या छोट्या शहरांत पादचाऱ्याच्या नावाने कापण्याजोगं काही ठेवतच नाहीत, त्यामुळे दाद मागायची कटकटही नाही.

फुटपाथ आहेत की, असं कोणी म्हणेल. आहेत. अंदाजपत्रकात रस्ता काँक्रीटचा, कडेला आरसीसी गटार, गटाराला झाकण. त्या झाकणालाच फुटपाथ म्हणायचं. सांडपाण्याला वाट हवी म्हणून गटार, गटारात गुरं पडू नयेत म्हणून फरशी आणि फरशी टाकलीच आहे म्हणून तुम्ही. सरकारदरबारी पादचारी हा गटाराचा अवलंबित! पदपथांसाठीचं आयआरसी 103 हे मानक किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी मागतं आणि कडेची उंची 150 मिलिमीटरच्या आत ठेवायला सांगतं. झाकण मात्र गटाराच्या सोयीने वर-खाली होतं. चढताना गुडघा जातो, उतरताना कंबर. वर विजेची डीपी, वाढदिवसाच्या फ्लेक्सचे बांबू, दुकानदाराची मोटारसायकल आणि उरलेल्या जागेत गायब झालेली फरशी. त्या भोकात कोणीतरी बाभळीची फांदी रोवतं. पादचारी सुरक्षेची ही आपली एकमेव योजना, तीही लोकसहभागातून.

‘इथे चालतो कोण?’ हा साहेबांचा लाडका सवाल. 2011 च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योगाबाहेरच्या कामगारांपैकी देशभरात पायी आणि सायकलने कामावर जाणारे मिळून तिसऱ्या हिश्शाहून जास्त होते; मोटारीने जाणारे तीन टक्क्यांहूनही कमी. ‘जागा नाही’ हा दुसरा आक्षेप. कोजागरीला सोलापुराहून तुळजापूरला भाविकांची रीघ लागते, तेव्हा तो अख्खा रस्ता वाहनांना बंद करून त्यांना मोकळा देतात. वाहतूक वळते, बंदोबस्त लागतो, कुणाचं काही अडत नाही. म्हणजे जागा आहे, कसबही आहे. फक्त देवीला निघालेला माणूस माणूस ठरतो आणि दवाखान्याला किंवा शाळेला निघालेला अडथळा.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: पैसा कुठे खर्चायचा हे कोर्टाने सांगू नये. तत्त्व म्हणून मान्य. पण 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथचा हक्क घटनेच्या कलम 21 मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, बसवला आणि केंद्राला मार्गदर्शक सूचनांसाठी दोन महिने दिले, ते हौसेने नव्हे. केंद्राच्याच आकडेवारीनुसार 2022 साली देशात 32,825 पादचारी अपघातांत मेले. दिवसाला नव्वद! इतकी माणसं एखाद्या साथीत गेली असती तर पथकं फिरली असती, लेखाशीर्षं रातोरात उघडली असती. इथे पंचनामा होतो आणि ‘रस्ता ओलांडताना निष्काळजीपणा’ असा शेरा मेलेल्याच्याच नावावर चढतो. अर्थसंकल्प कोर्टाने करू नये, हे शंभर टक्के खरं. तो ज्यांनी करायचा त्यांनी पादचाऱ्याचं स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावं आणि त्यात गटाराचा एक रुपयाही धरू नये.