मिसळीचा भाव काढण्याची शास्त्रोक्त रीत

दरपत्रक भिंतीवर असतं. तिकडे पाहू नये. पाहिलं की बीजगणित संपलं, आणि आमच्या भाऊजींचा रविवारही. बिल स्वतःच्या खिशात सारून ‘तुमचे साडेतीनशे झाले हं’ म्हणण्यातच तर त्यांचा रविवार असतो. गंगापूर रोडला मिसळ खायला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबात असे एक भाऊजी असतात.

आधी दोन बिलं मिळवावीत. एका समीकरणातून दोन अज्ञातं निघत नाहीत. हे भाऊजींना पक्कं ठाऊक, म्हणून दुसरं बिल मागितलं तर ते पहिल्याच्याच दुपटीचं काढतात. 2 मिसळ, 1 ताक, 210 रुपये. मग 4 मिसळ, 2 ताक, 420. याची उत्तरं अनंत, आणि भाऊजींना त्यातलं कुठलंही चालतं. त्याच 4 आणि 2 चे 450 सांगितले, तर मात्र उत्तरच नाही, रेषा समांतर. क्रेमरच्या रीतीने गेलात तरी निश्चयक दोन्ही वेळा शून्यच.

तेव्हा शेजारच्या टेबलांवर लक्ष ठेवावं. तिथे 5 मिसळ, 3 ताक, 540. पलीकडे 3 मिसळ, 5 ताक, 420. सहगुणक असे उलटसुलट आले की लसावि काढत बसू नये. सरळ बेरीज करून 8 ने भागा: मिसळ अधिक ताक, 120. वजाबाकी करून 2 ने भागा: मिसळ वजा ताक, 60. मिसळ 90, ताक 30. रस्सा फुकट.

वजाबाकीत खालच्या ओळीची तिन्ही चिन्हं बदलायची. तिन्ही! बरोबरच्या चिन्हापलीकडे बसलेल्या बिचाऱ्याला सगळे विसरतात.

हे दुखणं जुनंच आहे. चाळीसगावजवळ पाटणला ज्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे, त्या भास्कराचार्यांच्या बीजगणितात दोन मित्र भेटतात. पहिला म्हणतो, शंभर दे, तुझ्या दुप्पट होईन. दुसरा म्हणतो, तूच दहा दे, तुझ्या सहापट होईन. उत्तर 40 आणि 170. कोणी कोणाला काही दिल्याचा उल्लेख नाही. चाळीस जवळ असताना शंभर मागणारा तो पहिला, मला खात्री आहे, कोणाचा तरी मेव्हणा असणार.

शेवटी पडताळा. किमती दोन्ही समीकरणांत घालून पाहाव्यात, ज्यातून काढल्या त्या एकातच नव्हे. शेजारची बिलं जुळतात आणि आपलं तेवढं जुळत नाही, तर तिसरं अज्ञात शिरलंय. तिथे दोन समीकरणं पुरत नाहीत. जिलेबी कोणी मागवली, ते थेट ताईला विचारावं.