बाबाने मोडलं

राखीच्या दिवशी बायको भावाला ओवाळायला सकाळच्या गाडीने वर्ध्याला गेली आणि संध्याकाळपर्यंत दोन वर्षांची पोट्टी माझ्या ताब्यात आली. जाताना फ्रिजवर यादी चिकटवली होती. वरण-भात, झोप, उठल्यावर केळं, उन्हं उतरली की बगिचा. सगळ्यात शेवटी, खाली दोन रेघा मारून, 'फिसलपट्टीवर एकटीला सोडू नकोस.' (पुण्याकडे जिला घसरगुंडी म्हणतात ती आमच्याकडे फिसलपट्टी. माणूस दोन्हींवरून खालीच येतो.) केळं मी विसरलो, झोपेच्या वेळी आम्ही दोघांनी टीव्ही पाहिला, पण दोन रेघांचा मान मात्र राखला. तिला एकटीला सोडलं नाही. मांडीवर घेतलं, वन-टू-थ्री म्हटलं आणि दोघं मिळून सुटलो.

अर्ध्या वाटेत तिच्या बुटाचा रबरी तळवा पत्र्याच्या काठाला चिकटला. एवढंच झालं. ती पडली नाही, आपटली नाही, कुठे खरचटलंसुद्धा नाही. खाली पोचलो तेव्हा माझ्या मांडीवरच होती, फक्त भोकाड पसरलेलं होतं. उभी केली तर उजवा पाय वर उचलून बगळ्यासारखी उभी राहिली.

"लचकला असंन," आई म्हणाली. "आंबेहळद लाव. सकाळी पाह्य कशी धावते ते."

आंबेहळद लावली. बगळ्याचा एक पाय पिवळा झाला, बाकी फरक नाही. बायको स्टेशनवरून आली, एकदा पायाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खांद्यावरची पर्सही न काढता रिक्षा बोलावली.

"कसं झालं?" तिने रिक्षात विचारलं.

इथे मातृभाषा माझ्या मदतीला धावली. मराठीत पाय दुखावतो, मुरगळतो, लचकतो, मोडतोसुद्धा, आणि यातल्या एकाही क्रियापदाला गुन्हेगार लागत नाही. "खेळता खेळता दुखावला," मी म्हणालो. पायाने स्वतःच ठरवल्यासारखं. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "काहून भाऊ, तुमी नव्हते काय संग?" मी बाहेर बघू लागलो.

नागपूरच्या धंतोलीत दोन दवाखान्यांच्या मधे एखादं घर उरलेलं असतं, आणि त्याच्याही तळमजल्यावर औषधांचं दुकान असतं. तिथल्या एका हाडांच्या डॉक्टरांसमोर आम्ही बसलो. त्यांनी एक्स-रे उजेडाच्या डब्यावर लावला, पेन्सिलीचं टोक नडगीच्या खालच्या भागावर ठेवलं आणि म्हणाले, "ही बघा." मी पाहिलं. पेन्सिल दिसली. बायकोने मान डोलावली म्हणून मीही डोलावली.

मग मान वर न करताच डॉक्टरांनी विचारलं, "फिसलपट्टी?"

"हो."

"मांडीवर घेतलं होतं?"

पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला. बायकोची मान पेन्सिलीवरून माझ्याकडे किती सावकाश वळली ते सांगता येणार नाही, पण तेवढ्या वेळात मला आमचं लग्न आठवून झालं.

डॉक्टर शांतपणे समजावत होते. मूल एकटं घसरत असेल आणि बूट अडकला तर मूल थांबतं, कारण वजन ते किती! मागे बाप असला की पाय थांबतो, पण बाप थांबत नाही. त्याचं सगळं वजन त्या अडकलेल्या पायावर येतं आणि कोवळ्या नडगीला पीळ बसतो. "तुमचं वजन किती?" त्यांनी विचारलं. "पंचाहत्तर," मी म्हणालो. "चौऱ्याऐंशी," बायको म्हणाली. पोरीचं अकरा. डॉक्टरांनी आकडे लिहून घेतले नाहीत, हे त्यांचे उपकार.

या मोडण्याला जगभर 'टॉडलर्स फ्रॅक्चर' म्हणतात, म्हणजे नुकत्याच चालू लागलेल्या पोरांचं मोडणं. हाड जागचं हलत नाही, नुसती तिरकी चीर जाते, आणि तीसुद्धा पहिल्या दिवशी पुष्कळदा दिसत नाही. आठ-दहा दिवसांनी हाड भरून यायला लागलं की मग कळतं. 1964 साली कॅनडातल्या डॉक्टरांनी याला नाव दिलं तेव्हा मथळ्यातच 'अस्पष्ट' असा शब्द घातला होता. त्या रात्री झोप नव्हतीच, तेव्हा मी मोबाइलवर आणखी शोधलं. अमेरिकेत 2002 ते 2015 या काळात सहा वर्षांच्या आतली सुमारे साडेतीन लाख पोरं घसरगुंडीवर दुखापत करून घेऊन दवाखान्यात आली, त्यातल्या एक-तृतीयांशाहून जास्त पोरांचं हाड मोडलेलं. पाय मोडण्यामागे मोठ्यांची मांडी हे ठरलेलं कारण. इतक्या मांड्यांची संगत पाहून मला जरा बरं वाटलं. बायकोला वाचून दाखवलं. तिने कूस बदलली.

प्लास्टर मांडीपासून बोटांपर्यंत. ओल्या पट्ट्या गुंडाळल्या की ते घट्ट होताना गरम होतं. भट्टीत जिप्समचं पाणी उडवून ही भुकटी केलेली असते, पाणी परत मिळालं की ती पुन्हा दगड व्हायला लागते आणि उष्णता बाहेर टाकते. मला हे ठाऊक होतं, तरी माझाच जीव वरखाली. पोट्टी मात्र "गलम, गलम" म्हणत हसली. दिवसभरातलं तिचं पहिलं हसू.

घरी आईने एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरला. उलटा धरला, सुलटा धरला, चश्मा पुसून धरला. "कुठी हाय रे मोडलेलं? मले तं काही दिसत नाही. उगाच लेकराले सिमेंटात घातलं." पुढचे चार दिवस जो भेटायला येईल त्याच्या हातात तो एक्स-रे जायचा, आणि पोहे येईपर्यंत तो ती रेघ शोधायचा. शेजारच्या काकूंना एक सापडली, पण तो फिल्मवरचा ओरखडा होता.

भेटायला येणारा हात हलवत येत नाही. कोणी डिंकाचे लाडू आणले, कोणी कांडवेल आणली, कारण तिचं दुसरं नावच हाडजोड. एकाने पायाचं सूप सुचवलं आणि सावजीकडे जाऊन स्वतःच पिऊन आला. पोट्टीने यातल्या कशालाच तोंड लावलं नाही. लाडू मी खाल्ले. चौऱ्याऐंशीचा आकडा आता इतिहासजमा आहे. मामेसासरे वैद्य आहेत, त्यांनी सुश्रुत काढला. लहान वयात मोडलेलं हाड महिन्यात स्थिर होतं, मधल्या वयात दुप्पट वेळ लागतो, म्हातारपणी तिप्पट, असं त्यात दिलेलं आहे. डॉक्टरांनीही चार आठवडेच सांगितले होते. इतक्या शतकांनी धंतोलीचं आणि सुश्रुताचं एकमत झालेलं पाहून मामेसासरे खूश झाले आणि जाताना मला म्हणाले, "जावईबापू, तुम्ही दुप्पटवाले. जपून."

जपावं लागलं ते रात्री. पोट्टी झोपेत घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. पूर्वी पाय लागायचा, आता दोनच्या सुमाराला दगड यायचा, आणि बरोबर माझ्या बरगडीवर. दिवसा ती पहिले दोन दिवस बुडावर सरकली, तिसऱ्या दिवशी सोफ्याला धरून उभी राहिली आणि सहाव्या दिवशी प्लास्टर टेकवत चालायला लागली. खट्, थप्. खट्, थप्. खालच्या मजल्यावरचे काका विचारायला वर आले, की सुतारकाम किती दिवस चालणार? टाचेकडचं प्लास्टर झिजून खालचा कापूस बाहेर आला. तिच्या लेखी पाय मोडणं एका आठवड्यात जुनं झालं होतं. जुनं होत नव्हतं ते माझं.

कारण पोरगी बोलायला शिकत होती. "काय झालं बाई पायाले?" या प्रश्नाला आधी ती नुसतं "बाबा" म्हणायची. लोकांना वाटायचं, बाबाला हाक मारतेय. पुढे "बाबा मोलला" झालं. लोकांना वाटलं, बाबाचंही काहीतरी मोडलंय, आणि त्यांनी माझी चौकशी केली. मग एका सकाळी दूध पिता पिता तिला तृतीया विभक्ती आली. "बाबाने मोलला." कर्ता, प्रत्यय, क्रियापद, सगळं जागच्या जागी. इतके दिवस मी मराठीतून कर्ता वगळून जगत होतो. तो तिने शोधून आणला.

राखीनंतर पंधरा दिवसांनी पोळा, आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. त्याच सकाळी इतवारीकडून काळी आणि पिवळी अशा मारबतींचे पुतळे निघतात, रोगराई घेऊन जा म्हणून लोक आरोळ्या देतात, आणि त्या वर्षी गावाचा राग ज्यांच्यावर असेल त्यांचे पुतळे, म्हणजे बडगे, करून मिरवतात. टीव्हीवर महागाईचा बडगा गेला, खड्ड्यांचा गेला. बायको म्हणाली, "फिसलपट्टीचा कोणी केला नाही वाटतं या वर्षी."

संध्याकाळी पोट्टीला नऊवारी नेसवली, म्हणजे प्लास्टरवर गुंडाळली. एका हातावर ती, दुसऱ्या हातात बैलाची दोरी. बैल वीतभर उंचीचा, लाकडी, चार चाकांवर, पाठीवर झूल, सोनेरी बेगड लावलेली शिंगं. कॉलनीतली पोरं आपापले बैल ओढत दारोदार बोजारा मागत होती. आमचा बैल मी ओढत होतो. प्रत्येक दारात बैलाची पूजा, मग "अगं माय, काय झालं पायाले?", मग ते खणखणीत "बाबाने मोलला", मग माझ्याकडे एक नजर आणि तिच्या हातात दहा रुपये जास्त. त्या संध्याकाळी अख्ख्या कॉलनीत आमच्याएवढा बोजारा कोणालाच मिळाला नाही.

घरी आलो तर बैलाला एकच शिंग. जिना, अंगण, काकूंचा ओटा, सगळीकडे मोबाइलच्या उजेडात शोधलं. शेवटी आईने पोट्टीलाच विचारलं, "शिंग कोणं मोडलं गं?"

"बाबाने मोललं."

लिंगसुद्धा बरोबर. "मी हातही लावला नाही," मी म्हणालो. कोणी वाद घातला नाही. अनुभव होता सगळ्यांना.

चार आठवडे झाले. धंतोलीत डॉक्टरांनी गुरगुरणारी करवत काढली आणि माझीच मान आवळल्यासारखी झाली. ती करवत गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरते, त्यामुळे कातडी कापत नाही, असं ते पोट्टीला सांगत होते. ती टक लावून पाहत होती. प्लास्टर दोन फाकांत उघडलं. आत बारीक, मळकट, केसाळ झालेला पाय, चुरमुऱ्याचे चार दाणे, एक पाच रुपयांचं नाणं, आणि मांडीजवळच्या कापसात खोचलेलं, सोनेरी बेगड चिकटलेलं, इंचभर लाकूड.

मी ते उचललं आणि बायकोच्या समोर धरलं. चार आठवड्यांत पहिल्यांदा माझा आवाज चढला होता. "हे बघ! बघितलंस? कोणी मोडलं?"

तिने शिंग हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि पर्समध्ये टाकलं.

"शिंगाचं ठीक आहे," ती म्हणाली. "पायाचं बोल."