अडीच स्टारवाले नाना

तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबाराच्या प्रती, पीकविम्याचे अर्ज, लग्नपत्रिका, 'प्लॉट विकणे आहे'ची पत्रकं, वैजापूर तालुक्याचं सगळं सुखदुःख माझ्या कीबोर्डवरून जातं. दर शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला नाना येतात, काउंटरवर तीन कागदांची घडी ठेवतात आणि म्हणतात, "घे. पोस्टमॉर्टेम आहे."

ते नव्या पिक्चरचं परीक्षण असतं. मी टाइप करून पाठवतो आणि रविवारी जिल्ह्याच्या एका दैनिकात ते छापून येतं. खाली स्टार असतात. अडीच.

गेली पंधरा वर्षं मी हे टाइप करतोय. स्टार एकदाही हलले नाहीत. मी कंटाळून ते अडीच स्टार कायमचेच टाइप करून ठेवलेत, मजकूर बदलतो फक्त. गावात त्यांना कुणी आडनावाने ओळखत नाही. "अडीच नाना आले का?" म्हटलं की झालं. एकदा मी भीत भीत विचारलं, "नाना, कधी तीन द्यावेसे वाटले नाहीत?" त्यावर त्यांनी मला बाकावर बसवून शिकवणी घेतली. सिनेमाला स्टार देण्याची पद्धत १९२८ साली न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'मध्ये आयरीन थायरर नावाच्या बाईंनी सुरू केली. तेव्हा जास्तीत जास्त तीनच स्टार असत. "पाचाचा भाव नंतरच्या लोकांनी फुगवला. मूळ मापाने बघ, माझे अडीच म्हणजे डिस्टिंक्शन आहे."

पण नानांचा मूळ धंदा सिनेमा नाही, कांदा आहे. ते तालुक्याचे वार्ताहर. बाजार समितीतले भाव, नांदूर-मधमेश्वर कालव्याचं आवर्तन, नारंगी धरणाचा साठा आणि कुठे बिबट्या दिसला तर तो, हे त्यांचं रोजचं रान. पिक्चरचं सदर त्यांच्याकडे कसं आलं याच्या दोन कथा आहेत. नाना म्हणतात, संपादकांनी गळ घातली. संपादकांच्या कचेरीतला शिपाई म्हणतो, नानांनी घातली. काही का असेना, एकाच पेनाने दोन्ही मजकूर उतरू लागले आणि पेनाला फरक कळेना. "मध्यंतरापर्यंत विनोदाची आवक चांगली आहे, मात्र उत्तरार्धात उठाव राहत नाही." "नायिकेने अभिनयात सरासरी दर राखला." छोट्या भूमिका करणाऱ्या नटांना ते 'गोल्टी', म्हणजे बारीक कांदा, म्हणतात. "यंदा गोल्टीनेच माल तारला," हे वाक्य मी स्वतः टाइप केलंय. सगळ्यात जबर शिवी म्हणजे 'चाळीतली कथा', अर्थात कांदाचाळीत चार महिने पडून कोंब फुटलेली.

उलटंही झालं. बाजारभावाच्या चौकटीत एकदा आलं, "उन्हाळ कांद्याने आज घोर निराशा केली. मक्याचे पदार्पण मात्र आश्वासक." आमच्या अडत्यांना ते बेहद्द आवडलं. आता एखादा शेतकरी भाव पडला की खाली बसून म्हणतो, "संकलन ढिलं पडलं राव."

नानांचं दैवत बाबुराव पटेल. १९३५ साली 'फिल्मइंडिया' काढून या माणसाने भल्याभल्या नटनट्यांची झोप उडवली होती. बाबुराव इंग्रजीत झोडपत, नाना मराठीत झोडपतात. पण बाबुरावांचं लिहिलं नटांपर्यंत पोचायचं. नानांचं आमच्या रोटेगाव स्टेशनच्या पुढे फारसं जात नाही, आणि हे त्यांना मान्य नाही. एका मोठ्या हिंदी हिरोचे लागोपाठ दोन पिक्चर पडले तेव्हा त्यांनी मला गंभीरपणे विचारलं होतं, "आपलं परीक्षण त्याच्या वाचनात आलं असेल का रे?"

नवा पिक्चर पडद्यावर बघायला नाना संभाजीनगरला जातात. पंचाहत्तर किलोमीटर. शुक्रवारचे लिलाव आटोपायचे, भाव फोनवर सांगायचे, दुपारची एसटी धरायची, संध्याकाळचा शो गाठायचा. पासष्टी ओलांडल्यापासून एसटीचं तिकीट अर्धं पडतं, मल्टिप्लेक्सचं पूर्ण. हा राग पहिल्या दहा मिनिटांतल्या दृश्यांवर निघतो. बाहेरचा खाऊ आत नेऊ देत नाहीत म्हणून भत्त्याची पुडी सदऱ्याच्या आतल्या खिशात असते. अंधारात ते अडतीच्या कोऱ्या हिशोबपट्ट्यांवर टिपणं काढतात, एका ओळीवर दुसरी ओळ. शनिवारी आम्ही दोघं भिंग लावून ती लावतो. "हे काय आहे, 'नायक' का 'नासका'?" "काहीही टाक. अर्थ बदलत नाही."

आता खरी गोम सांगतो. नानांनी गेल्या कित्येक वर्षांत एकाही पिक्चरचा शेवट बघितलेला नाही.

रात्री सव्वानऊला आपल्या आगाराची गाडी निघते. त्यानंतर नाशिककडे जाणाऱ्या गाड्या असतात, नाही असं नाही. पण नाना आपल्याच आगाराच्या गाडीत बसणार. कंडक्टर ओळखीचा, खिडकी ठरलेली, वर "आज कोणता पाडला नाना?" असं विचारणारं कुणीतरी हवं. म्हणून नऊला दहा कमी असताना, पडद्यावर काहीही चाललेलं असो, नाना उठतात. आणि म्हणूनच त्यांच्या प्रत्येक परीक्षणात एक वाक्य हमखास असतं: "चित्रपटाचा शेवट अपुरा वाटतो."

हे वाक्य नेहमी खपून जात असे. 'कोर्ट'ला तर त्यांची वाहवा झाली. चैतन्य ताम्हाणेंचा तो सिनेमा २०१५ मध्ये लागला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार होता, तो ऑस्करला गेला, आणि शहाण्या लोकांनाही त्यावर काय लिहावं सुचत नव्हतं. नानांची बांधाची केस तेव्हा अकराव्या वर्षात होती. त्यांनी लिहिलं, "तारखा अचूक पडल्या आहेत." शेवट न बघण्याबद्दल मी छेडलं तर म्हणाले, "कोर्टात शेवट असतो का वेड्या?" मला उत्तर देता आलं नाही.

पण २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' लागला.

जवळजवळ तीन तासांचा पिक्चर. नाना बसले. आर्ची आणि परश्या पळाले, हैदराबादला झोपडपट्टीत राहिले, भांडले, पुन्हा एक झाले, मूल झालं, दोघांनी घर बघितलं. मग माहेरची माणसं भेटी घेऊन दारात आली. आर्चीने चहा ठेवला. नानांनी घड्याळात बघितलं. नऊला दहा.

रविवारी छापून आलं ते माझ्याच हातचं टाइप केलेलं आहे, त्यामुळे शब्द पाठ आहेत. "अखेर दुरावलेले माहेर चहाच्या कपाने पुन्हा जोडले जाते. मंजुळे यांनी कौटुंबिक मनोमीलनाचा सुरेख सुखांत साधला आहे, मात्र शेवट किंचित अपुरा वाटतो. लेकीसुनांसह सहकुटुंब पाहावा. अडीच स्टार."

त्या शब्दावर विसंबून गावातला एक नवा जावई रुसलेल्या सासूसासऱ्यांना आणि चार मेहुण्यांना घेऊन गेला. लग्न पळून जाऊन केलेलं. जुळवाजुळव नुकतीच सुरू झाली होती. येताना गाडीत लासूरपासून वैजापूरपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी जावई माझ्या दुकानात आला, कारण नानांचं घर त्याला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. नाना आठ दिवस बाजार समितीत मागच्या फाटकाने जात होते. पुढे तो जावई निवळला. त्याचे सासरे हल्ली चहा घ्यायला जरा का कू करतात, एवढंच.

एवढं होऊनही नानांनी सव्वानऊची गाडी सोडली नाही. गेल्या दिवाळीनंतर मात्र मीच म्हटलं, "नाना, मी मोटारसायकलवर नेतो. शेवटपर्यंत बसू." त्यांनी बराच वेळ विचार केला आणि हेल्मेट मागितलं.

पिक्चर साधा होता, बाप-लेकीचा. नऊला दहा कमी झाले तसे नाना सवयीने अर्धे उठले आणि खाली बसले. मग मी पडद्याकडे कमी आणि त्यांच्याकडेच जास्त बघत होतो. पेन थांबलं होतं. भत्त्याची पुडी मुठीत इतकी आवळलेली की चुरमुऱ्यांचा भुगा मांडीवर सांडत होता. लेक स्टेशनवर बापाला शोधत धावत येते तेव्हा नानांनी चष्मा काढून धोतराने पुसला. चष्म्यावर काहीच नव्हतं. दिवे लागल्यावर ते उठेनात. खाली पॉपकॉर्न झाडणाऱ्या पोराने "काका, संपला" म्हटलं तेव्हा कुठे हलले.

रविवारी आलं: "चित्रपटाचा शेवट अनावश्यक लांबला आहे. अडीच स्टार." मी टाइप करताना वर बघितलं. नाना कालव्याचं आवर्तन कधी सुटणार ते दुसऱ्या कुणाला तरी सांगत होते.

पण त्या रात्री येताना लासूर स्टेशनजवळ आम्ही चहाला थांबलो होतो. थंडी होती. नानांनी कप दोन्ही हातांत धरला, बशीत थोडा ओतला, प्यायले नाहीत.

"तो 'श्वास' होता ना रे," ते म्हणाले. "२००४ चा. संदीप सावंतचा. आजोबा आणि नातू. पोराला डोळ्याचा कॅन्सर."

"हो."

"आजोबा त्याला दवाखान्यातून बाहेर काढून जग दाखवायला नेतो, तिथून मी उठलो होतो." थोडा वेळ गेला. एक ट्रक गेला. "पुढे काय झालं त्या पोराचं?"

मी सांगितलं. डोळे गेले. पण पोरगं वाचलं, आजोबांबरोबर गावी परतलं.

नानांनी बशीतला चहा संपवला, कप पालथा ठेवला, हेल्मेट डोक्यावर चढवलं.

"म्हणजे अडीच बरोबर होते," ते आतून म्हणाले.