अकरा कार, अकरा माणसं

जानेवारीत एका संध्याकाळी सहाच्या सुमारास आईला धाप लागली. तिला कारच्या मागच्या सीटवर बसवलं, शेजारी मी, स्टिअरिंगवर नवरा, आणि पुण्यातल्या बावधनहून डेक्कनच्या दिशेनं हॉस्पिटलकडे निघालो. नळस्टॉपच्या सिग्नलला अडकलो ते अडकलोच. आई उशीला टेकून श्वास ओढत होती. हातात करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी पुढच्या कार मोजल्या. चौदा होत्या. त्यातल्या अकरांत एकेकच माणूस.

आई चार दिवसांनी बरी होऊन घरी आली. अकराचा आकडा मात्र डोक्यातून जाईना. त्या अकरा जणांवर चिडायचा मला हक्कच नव्हता. रोज सकाळी त्याच सिग्नलला, तशीच एकटी, मी कार घेऊन उभी असायची.

मार्चमध्ये ई-सायकल घेतली. आज आठ महिने झाले. पूर्ण पावसाळा काढला. म्हणून आता ठामपणे लिहिते: शहरात एकट्या माणसाला आठ-दहा किलोमीटर जायचं असेल, तर त्याला कारची गरज नाही. पॅडल मारायची आणि गरज पडली तर मोटरनं हात देणारी सायकल पुरते.

कार घेताना आपल्या डोळ्यांसमोर कोकणची वाट असते. घरची पाच माणसं, डिकीत बॅगा, परतताना आंब्याच्या पेट्या. असा प्रवास वर्षातून पाच-सहा वेळा घडतो. बाकीचे तीनशे दिवस तीच कार एका माणसाला आणि एका डब्याला ऑफिसला पोचवते. हजार किलोचं लोखंड हलवायचं, कशासाठी? तर साठ किलोच्या माणसासाठी. माझी सायकल बॅटरीसकट बावीस किलोची आहे.

आता पैशांचं. माझं ऑफिस घरापासून आठ किलोमीटरवर, म्हणजे येऊन-जाऊन सोळा. आमची कार गर्दीत लिटरला बाराच्या पुढे जात नाही आणि पेट्रोल शंभरच्या वर. रोजचे सव्वाशेहून जास्त रुपये नुसते धुरात जायचे. सायकलची बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाची, म्हणजे एका युनिटचा साधारण तिसरा हिस्सा. एकदा भरली की तीस किलोमीटर निघतात. युनिटला दहा रुपये धरले तरी माझा दिवसाचा खर्च दोन रुपये. तीन-चार वर्षांनी बॅटरी बदलावी लागेल, त्याचे दहा-पंधरा हजार बाजूला काढून ठेवायचे. तेवढे पैसे पेट्रोलमधून पाच-सहा महिन्यांत वाचतात.

वेळ जास्त लागत असेल ना, असं सगळे विचारतात. ‘टॉमटॉम’ कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक अहवालात पुणे जगात चौथ्या क्रमांकावर होतं. त्या वर्षी इथं दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागत होते. म्हणजे ताशी अठरा किलोमीटर. ताशी दीडशेनं पळू शकणारी कार या शहरात सायकलच्या वेगानं चालते आहे. मला ऑफिसला पोचायला पूर्वी अर्धा तास लागायचा, आताही अर्धाच तास लागतो. पार्किंग शोधण्यातली दहा मिनिटं वाचली, ती वेगळीच.

राहिला चढ. संध्याकाळी परतताना पौड रस्त्यानं चांदणी चौकाकडे चढायला लागलं की साध्या सायकलवर माझे गुडघे बोलू लागत. वयाच्या बावन्नाव्या वर्षी तो रस्ता रोज चढणं मला जमलंच नसतं. ई-सायकलवर चढाच्या तोंडाशी मी गिअर हलका करते आणि डाव्या अंगठ्यानं मोटरची मदत तीनवर नेते. पॅडल फिरलं की क्रँकजवळच्या सेन्सरला ते कळतं आणि मागच्या चाकातली मोटर हलकेच गुणगुणायला लागते. लहानपणी सायकल शिकताना बाबा सीटला धरून मागून ढकलायचे, अगदी तसा तो जोर असतो. घाम येतो, दम लागत नाही. सायकल सोडून दिलेल्या माणसाला सायकल परत देणारं हे यंत्र आहे. गुडघ्यांमुळे, वयामुळे, ऑफिसला घामाघूम पोचायच्या धास्तीनं ज्यांची सायकल सुटली, त्यांच्यासाठीच हे मी लिहिते आहे.

आपल्याला हे वाहन नवं वाटायचं कारण नाही. फिरोदियांच्या कायनेटिकनं १९७२ साली लूना आणली. पन्नास सीसीचं इंजिन आणि त्याला चक्क सायकलची पॅडलं. बाबांकडे होती. पॅडल मारून सुरू करायची आणि पेट्रोल संपलं तर पॅडल मारतच घरी आणायची. शिक्षक, कारकून, परिचारिका, दूधवाले यांचे संसार त्या लूनानं ओढले. माणसाला एवढं पुरतं, हे या महाराष्ट्राला पन्नास वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. मधल्या काळात आपण दारातल्या कारवरून घराची पत मोजायला लागलो.

कायदाही बाजूनं आहे. मोटरची शक्ती २५० वॅटच्या आत आणि ताशी २५ किलोमीटरच्या पुढे मोटर बंद पडणारी असेल, तर अशी प्रमाणित ई-सायकल मोटार वाहन ठरत नाही. लायसन्स नको, नंबरप्लेट नको. पण याच सवलतीचा फायदा घेऊन कुणी पन्नासच्या वेगानं पळणारी गाडी ‘सायकल’ म्हणून गळ्यात मारत असेल, तर घेऊ नका. चाचणीचं प्रमाणपत्र मागा. अशा चाचण्या करणारी ‘एआरएआय’ ही संस्था तर पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. आणि कायद्यानं सक्ती नसली तरी हेल्मेट घालाच.

अडचणी लपवणार नाही. पहिला पंक्चर झाला तेव्हा पंक्चरवाल्या काकांनी मोटरची वायर बघून हात मागे घेतला. ‘ताई, हे आपलं काम नाही.’ मी म्हटलं, चाक काढूच नका. त्यांनी सायकल उलटी केली, टायरची एक कड रिमबाहेर घेतली, ट्यूब ओढून काढली, घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडा शोधला आणि चाक जागेवर ठेवूनच ठिगळ लावलं. आता ते इतर ई-सायकलीही घेतात. पावसात मोटर बंद पडली नाही, मात्र धुताना पाण्याचा जोरदार फवारा मी मारत नाही. बॅटरी तिच्या स्वतःच्याच चार्जरवर आणि जागेपणी चार्ज करते.

सोसायटीत मात्र चार महिने भांडावं लागलं. पार्किंगमध्ये एक प्लग हवा होता, वेगळं मीटर लावून, माझ्या खर्चानं. कमिटीचं म्हणणं, एकीला दिला तर सगळे मागतील. कारसाठी मात्र प्रत्येक फ्लॅटला अडीच बाय पाच मीटरची जागा आखून दिलेली आहे, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. तेवढ्या जागेत आठ-दहा सायकली सहज राहतात. सगळे मागतील, हेच तर प्लग देण्याचं कारण आहे. शेवटी वार्षिक सभेत ठराव झाला आणि प्लग मिळाला. आज त्यावर चार सायकली चार्ज होतात.

वर सरकारातही तीच दृष्टी. केंद्राची ‘फेम-२’ योजना २०१९ पासून पाच वर्षं चालली. विजेच्या स्कूटरला अनुदान मिळालं, पॅडलवाल्या ई-सायकलला मिळालं नाही. दिल्ली सरकारनं २०२२ मध्ये पहिल्या दहा हजार ई-सायकलींसाठी प्रत्येकी साडेपाच हजारांपर्यंतचं अनुदान जाहीर केलं. असा निर्णय महाराष्ट्रानंही घ्यावा. आणि त्याहून आधी रस्त्याची डावी कड द्यावी. पुण्याचा सायकल आराखडा २०१७ साली मंजूर झाला. माझ्या वाटेवरचा ट्रॅक मात्र मध्येच फुटपाथमध्ये विरतो, पुढे तिथं डीपी बॉक्स आहे आणि त्याच्या पुढे उभ्या केलेल्या कार. दर वेळी आरशात बघत मला बसच्या समोर उतरावं लागतं. लोक सायकल घेत नाहीत ते आळसानं नव्हे, या भीतीनं. आणि ती भीती खरी आहे.

आमची कार आम्ही विकलेली नाही. मे महिन्यात ती कोकणात जाऊन आली. आईच्या तपासणीला तीच जाते, आणि त्या कामाला ती हवीच. एरवी ती पार्किंगमध्ये असते. नळस्टॉपच्या सिग्नलला उद्या कुणीतरी आपल्या आईला मागच्या सीटवर घेऊन थांबलेलं असेल. त्यांच्या पुढची एक कार कमी झालेली असेल. ती माझी.