पत्ता बदलला, मूल गळालं

अमेरिकेत सगळं बटणावर चालतं, असा आपल्याकडे एक समज आहे. चालतं ना! पण बटणाच्या आधी एक पाकीट येतं. ते फोडून, अर्ज भरून, पगाराच्या पावत्या जोडून मुदतीत परत धाडलं, तर गरिबाचं पोर गरीब राहतं. नाही धाडलं, तर सरकारदप्तरी ते एकदम सधन आणि ठणठणीत होतं. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं सिद्ध करणारे आमचे पेन्शनर स्वतःला फार सोशिक समजतात. तिकडे ही परीक्षा दुधाच्या दातांपासून सुरू होते.

मेडिकेड आणि १९९७ साली तिच्या जोडीला आलेली चिप, या तिकडच्या कमी मिळकतीच्या घरांसाठीच्या सरकारी विमा योजना; चिप खास मुलांसाठी. कोविड आला तेव्हा, मार्च २०२० मध्ये, तिथल्या संसदेने राज्यांना जादा पैसे देऊन बजावलं की मेडिकेडमधून कुणाला काढू नका. तीन वर्षं कारकुनांचे हात बांधलेले. १ एप्रिल २०२३ ला ते सुटले आणि पुढे अडीच कोटींवर लहानथोर माणसं यादीतून उडाली. मिळकत वाढली म्हणून? छे. दहातली जवळजवळ सात कागद पोचला नाही, नीट भरला नाही, परत आला नाही, अशा कारणांनी. आता भाडं परवडेना म्हणून कुणी घर सोडलं आणि पाकीट जुन्या दारात पडून राहिलं, तर दोष कुणाचा? गरीब माणसाने एका जागी राहून गरीब असावं, एवढी साधी शिस्त नको?

खरी कमाल संगणकाने केली. मुलांसाठी मिळकतीची मर्यादा आईबापांपेक्षा सैल असते. म्हणजे बाप बसत नसला तरी पोर योजनेत बसतं. सरकारकडच्याच नोंदींवरून ते दिसत असेल, तर घरच्यांना न विचारता त्याचं नूतनीकरण करावं, असा नियम. पण अनेक राज्यांच्या संगणकांनी अख्खं घर एकाच तागडीत घातलं. बापाचा अर्ज आला नाही, पोराला काढा! सप्टेंबर २०२३ मध्ये हिशेब लागला तेव्हा २९ राज्यं आणि राजधानीचा जिल्हा या चुकीत सापडले. सुमारे ५ लाख जणांना, त्यात पुष्कळ मुलं, परत घ्यावं लागलं. मधल्या काळात कुणाचा कान दुखला, कुणाला दमा उसळला, त्याची नोंद संगणक ठेवत नाही. त्याला अर्जाची पडलेली.

१ जानेवारी २०२४ पासून तर कायदाच लागू झाला : मूल एकदा घेतलं की १२ महिने काढायचं नाही. फ्लोरिडा राज्य तडक कोर्टात गेलं. चिपचा हप्ता थकला तरी मूल ठेवायचं? हा तर राज्यावर अन्याय!

ओरेगॉन राज्य मात्र वेडं. जन्मापासून सहाव्या वर्षापर्यंत फेरतपासणीच नको, असं त्याने ठरवलं आणि २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारची मंजुरीही मिळवली. आणखी काही राज्यं मागोमाग निघाली. जुलै २०२५ मध्ये वॉशिंग्टनने कळवलं : अशा परवानग्या आता नव्याने नाहीत, जुन्यांना मुदतवाढ नाही. बरोबरच आहे. सलग काही वर्षं कुणी विचारलंच नाही, तर बालवाडीतलं एखादं कार्टं मधल्या मध्ये श्रीमंत होऊन कानात फुकटचे थेंब घालून घेईल, आणि तिजोरीला पत्ताही लागणार नाही.