ग्रॅमबुवा

मेक्सिकोच्या कुंपणाला पाठ टेकवून फोटो काढायचा आणि मग कॅनडा येईपर्यंत चालत राहायचं, असं एक खूळ अमेरिकेच्या पश्चिमेला दर वसंतात उगवतं. वाटेचं नाव पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल. लांबी २,६५० मैल, म्हणजे सव्वाचार हजार किलोमीटरांहून थोडी जास्तच. पहिले सातशे मैल दक्षिण कॅलिफोर्नियाचा रखरखाट, मग सिएरा नेवाडातला बर्फ, मग ऑरेगनची जंगलं आणि शेवटी वॉशिंग्टनचा पाऊस. पाच महिने सहज जातात. या वाटेला लागणाऱ्यांत निवृत्त असतात, घटस्फोटित असतात, नोकरी सोडलेले असतात आणि नोकरीने सोडलेलेही असतात. आम्ही राहतो त्या सांता क्लॅरिटाजवळच्या आग्वा दुल्से गावातून ही वाट चक्क भर रस्त्याने जाते. त्यामुळे मे महिन्यात हे सगळे नमुने बघायला मिळतात. त्यातला माझा लाडका नमुना म्हणजे ग्रॅमबुवा.

सगळ्या देशाने किलो-ग्रॅम झिडकारले तरी ग्रॅमबुवाने ते स्वीकारलेत, कारण औंस त्याला फार ढोबळ पडतो. एका औंसात अठ्ठावीस ग्रॅम दडून बसतात आणि त्यातल्या सत्तावीसांवर त्याचा संशय असतो. फोनमध्ये तक्ता तयार: तंबू, पांघरूण, चमचा, चिकटपट्टी, प्रत्येकाचं वजन. अन्न, पाणी आणि इंधन वगळून सॅक दहा पौंडांच्या, म्हणजे साडेचार किलोंच्या आत बसली की माणूस ‘अल्ट्रालाइट’ पंथात जमा. त्यासाठी टूथब्रशचा दांडा कापायचा, शर्टाची लेबलं उसवायची, नकाशाच्या कडा छाटायच्या. तंबूला स्वतःचे खांब नाहीत. तो चालायच्या काठ्यांवर उभा राहतो. पांघरुणाला खालची बाजू नाही, कारण अंगाखाली दबलेली पिसं ऊब देत नाहीत, असं शास्त्र आहे. चटई खांद्यापासून कमरेपर्यंत. पायांनी आपलं आपण बघून घ्यावं. स्टोव्ह नाहीच. रिकाम्या बरणीत नूडल्स गार पाण्यात भिजत घालायच्या आणि काही वेळाने त्यांना जेवण म्हणायचं.

एवढं वाचवलेलं वजन जातं कुठे, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. माझ्या निरीक्षणाप्रमाणे ते ऐकणाऱ्याच्या डोक्यावर जातं.

या पंथाचे मूळपुरुष रे जार्डिन. पेशाने एरोस्पेस इंजिनिअर. १९९२ साली त्यांनी या वाटेवर पुस्तक लिहिलं आणि जडशीळ बूट, पाठ मोडणाऱ्या सॅक हे सगळं अंधश्रद्धेत काढलं. जार्डिन स्वतःची सॅक स्वतः शिवत. ग्रॅमबुवा हे डोळे मिटून सांगतो आणि स्वतः मात्र डायनीमा नावाच्या महागड्या कापडाची सॅक विकत घेतो. त्या बाजारात वस्तू जितकी नाहीशी होत जाईल तितकी तिची किंमत चढते. शेवटी माणूस जवळजवळ काहीच न घेता दुकानातून बाहेर पडतो आणि क्रेडिट कार्ड भरत बसतो.

पण ग्रॅमबुवा खरा खुलतो तो दुसऱ्याची सॅक बघून. एखादी नवखी मुलगी सावलीत टेकलेली दिसली की हा विचारतो, “जरा बघू का तुझ्या बॅगेत?” आणि पाचव्या मिनिटाला तिचा संसार जमिनीवर. जाड कादंबरी? जा. जीन्स? जा. दुसरा टी-शर्ट? इथे तो तिच्याकडे नुसता बघतो. ती बिचारी कंगवा मुठीत लपवते. कादंबरी शेवटी जाते हायकर बॉक्समध्ये, म्हणजे नको झालेल्या वस्तू दुसऱ्यासाठी टाकायच्या खोक्यात. तिथून ती दुसरा नवखा उचलतो, आणि पुढच्या गावात त्याच्या सॅकेतून तीच बाहेर काढण्याचा आनंद ग्रॅमबुवाला पुन्हा मिळतो.

वाळवंट मात्र त्याच्या तक्त्याला भीक घालत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्याचं हलकं मॉडेल अजून निघालेलं नाही. मोहावीच्या कडेने ही वाट लॉस एंजेलिसला पाणी नेणाऱ्या बंदिस्त कालव्यावरून जाते. पायाखालून शहराचं पाणी चाललंय आणि पाठीवर स्वतःचं पाच-पाच लिटर, अशा अवस्थेत ग्रॅमबुवा कापलेल्या टूथब्रशचा विचार करत चालतो.

या वाटेच्या कडेला राहणारे बरेच लोक चालणाऱ्यांना पाणी देतात, गाडीने सोडतात, घरी आंघोळीला बोलावतात. त्यांना ट्रेल एंजल म्हणतात. आम्ही एंजल झालो ते आईमुळे. ती साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती आणि आग्वा दुल्सेतल्या दुकानाबाहेर फुटपाथवर बसून कोरडी टॉर्टिया चावणारा ग्रॅमबुवा तिला बघवला नाही. “अरे, चांगल्या घरातला दिसतोय. विचार त्याला, घरी येतो का.”

आला. आंघोळीला गेला तो अर्ध्या तासाने निराळ्याच रंगाचा होऊन बाहेर आला. आईने फळं पुढे केली. त्याने नम्रपणे नकार दिला: सफरचंद म्हणजे साल घातलेलं पाणी. औंसाला सव्वाशे कॅलरी नसतील ते त्याच्या लेखी अन्नच नव्हे. मग आईने बेसनाचा लाडू दिला. त्याने घटक विचारले, ओट्यावरच्या काट्यावर लाडू ठेवला, फोनवर आकडेमोड केली आणि डोळे विस्फारून आईकडे बघितलं. डाळीचं पीठ, तूप आणि साखर ही त्रयी त्याच्या पंथात कुणालाच सुचली नव्हती. त्यानंतर ताटली रिकामी व्हायला किती वेळ लागला हे सांगत नाही; दृष्ट लागते.

खाऊन झाल्यावर त्याने आईला एमा गेटवूडची गोष्ट सांगितली. मी दुभाष्या. १९५५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ही बाई साधे कॅनव्हासचे बूट घालून आणि घरी शिवलेली पिशवी खांद्याला लावून पूर्वेकडची दोन हजारांवर मैलांची अ‍ॅपलेशियन ट्रेल एकटी चालून गेली. पावसाला म्हणून बाथरूमचा पडदा. अकरा मुलांची आई. ग्रॅमबुवाचा गळा दाटून आला.

“अकरा मुलं?” आई म्हणाली. “मग तिला ती विश्रांतीच झाली.”

मी हे भाषांतरात गाळलं.

“याच्या घरी कोण कोण असतं?” आईचा पुढचा प्रश्न. कळलं ते असं: ओहायोत आई असते. तिच्या गॅरेजमध्ये पुढच्या दहा-बारा मुक्कामांची खोकी नावानिशी रचलेली आहेत. हा फोन करतो, ती त्यात नवे बूट, मोजे, शेंगदाण्याचं लोणी भरते आणि पोस्टात नेऊन देते. गुडघे दुखतात तिचे, पण पोस्ट तसं जवळ आहे.

“म्हणजे सामान सगळं आहेच,” आई म्हणाली, “फक्त उचलतेय ती.”

हेही मी गाळलं. मला त्याला कालव्यापर्यंत हसतमुख पोचवायचं होतं.

निघताना आईने स्टीलच्या डब्यात लाडू भरून दिले. त्याने ते झिपच्या पिशवीत ओतले, डबा दोन्ही हातांनी परत केला आणि वाकून नमस्कार केला. पिशवीचं वजन त्याने केलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो.

पुढची खबर केनेडी मेडोजहून आली. तिथे वाळवंट संपतं, आणि सिएरा सुरू होण्याआधी अस्वलांपासून अन्न राखायला टणक प्लास्टिकचं पिंप घ्यावं लागतं; बऱ्याच टापूत तशी सक्तीच आहे. पिंपाचं वजन किलोभर. ग्रॅमबुवाने दांडा, लेबलं, कडा मिळून जे काही कमावलं होतं ते अस्वलांनी एका दुकानात वसूल केलं. फोटोत तो त्या पिंपावर बसला होता. तेवढाच त्याचा उपयोग, असं खाली लिहिलं होतं. मग ४,००९ मीटरची फॉरेस्टर खिंड, या वाटेवरची सगळ्यात उंच जागा. तिथल्या फोटोत मागे बर्फ आणि हातात शेवटचा, चपटा झालेला लाडू.

सप्टेंबरअखेर तो कॅनडाच्या सरहद्दीला पोचला. मजकूर लांबलचक होता. पुढच्या वर्षी कॉन्टिनेंटल डिव्हाइड ट्रेल, तीन हजार मैलांच्या आसपास. सॅक आणखी तीनशे ग्रॅमने उतरवण्याचा मार्ग सापडलाय. मात्र ओहायोतल्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, तर न्यू मेक्सिकोची खोकी तुमच्या घरून पाठवता येतील का? यादी सोबत जोडली आहे.

आई तोवर साताऱ्याला परतली होती. मी व्हिडिओ कॉलवर तिला हसत हसत वाचून दाखवलं. ती हसली नाही. चष्मा लावून तिने कागद-पेन घेतलं.

“गावं किती ते सांग. बेसन तिकडे नीट मिळत नाही, मी इथूनच दळून आणते. आणि विमानात किती किलो नेऊ देतात आता?”